प्रमिलाताई आणि आमची चिंबोरी

"सुनंदा, लेथवरचा शाफ्ट उघडाच पडलाय. घरी गेलीस की आधी त्याला तेल लाव!" प्रमिलाताई माझ्याशी बोलल्या ते शेवटचं. अलिबागच्या हॉस्पिटलात, सकाळी डॉक्टर फेरीवर असताना, नाकात नळी असूनही त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी दचकून डोळे उघडले. आपला आवाज किती मोठा आहे हे ताईंना कधीच कळलं नाही... मी मान हलवली, त्यांच्या पायांवरची चादर नीट केली आणि रेवसची एसटी पकडली. घरी आल्यावर साडीही न बदलता शेडमध्ये गेले. शाफ्टवर एका बाजूने तांबूस रेघ उमटायला लागली होती खरी. ती घासून काढली आणि चिंधीने तेल लावत होते तेवढ्यात फोन वाजला. हात तेलाचे होते म्हणून उचलला नाही. थांबला, परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा करंगळीने कसाबसा घेतला. यजमान होते. "ताय गेली गो," एवढंच म्हणाले.

त्याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं ताईंबद्दल जे बोलतात ते सगळं खरं आहे. भावंडांसाठी राबल्या, लग्न केलं नाही, कुणापुढे वाकल्या नाहीत. पण माझ्या ओळखीच्या प्रमिलाताई मला त्या बोलण्यात सापडत नाहीत. माझी ही नणंद वयाच्या चौपन्नाव्या वर्षी लढाऊ रोबो बनवायला बसली. त्या रोबोला बेअरिंग कुठलं घ्यायचं आणि त्याचा शाफ्ट कशातून काढायचा यावर आम्ही दोघी जेवढं भांडलो तेवढं आमच्या घरात कुणी जमिनीच्या वाटणीवरूनही भांडलं नसेल. ती बाई लोकांना माहीत व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर रेवसच्या थोडं अलीकडे, खाडीच्या बाजूला. एकेकाळी घरचं मिठागर होतं. ते बंद पडल्यावर माझे यजमान ट्रकच्या धंद्यात शिरले. ताई त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठ्या. आयटीआयला टर्नरचा कोर्स केला तेव्हा वर्गात त्या एकट्या मुलगी. पुढे नागोठण्याच्या बाजूला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पंचवीस-तीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कातायच्या यंत्रावर, उभ्या राहिल्या. हात असा तयार झाला की नुसतं बोट फिरवून लोखंडात केसाएवढा फरक सांगायच्या. पण शेजारी दिवसभर प्रेस मशिनं धडधडत असायची, आणि त्या धडधडीने त्यांचे कान नेले. पहिल्यांदा बारीक आवाज गेले, पक्ष्यांचे, भांड्यांचे, फोनच्या घंटीचे. मग हळूहळू बाकीचेही. कारखान्याचा तो विभाग बंद झाला तेव्हा ताई एक जुना लेथ टेम्पोत घालून घरी आल्या, आणि जिथे पूर्वी मिठाची पोती रचायचो त्या शेडमध्ये त्यांनी तो बसवला. होड्यांचे, पंपांचे शाफ्ट करून द्यायला लागल्या.

तोवर आमचं दोघींचं फारसं पटत नव्हतं. त्याला कारण होतं. माझ्या लग्नात, पंगत बसलेली असताना, ताई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, "पोरगी बरी हाय, पन हिला येतं काय?" वाढणारे हात थांबले. माझ्या आईचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. वीस-बावीस वर्षं ते वाक्य माझ्या मनात होतं. मी ब्लाउज शिवायला लागले, गावातल्या बायका माझ्याकडे यायला लागल्या, तरी ताई समोर आल्या की मला वाटायचं, हिच्या लेखी मला काहीच येत नाही. आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलायचो. जेवण झालं का, गॅस संपलाय, पाणी आलंय... बस.

मग त्यांच्या फोनवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड काचेच्या मोठ्या खोलीत दोन यंत्रं सोडतात. खोक्याएवढी, चाकांची, रिमोटवर चालणारी. त्यांच्या अंगावर गरगर फिरणारं एखादं हत्यार असतं, आणि तीन मिनिटं ती एकमेकांना अक्षरशः फोडतात. ठिणग्या उडतात, पत्रे फाटतात, पोरं ओरडतात. ताईंना त्यातला आरडाओरडा ऐकूच येत नव्हता. म्हणून त्यांना जे दिसलं ते बाकीच्यांना दिसलं नसावं. त्यांनी तो व्हिडिओ चार-पाच वेळा पाहिला आणि फोन माझ्यापुढे धरला. "बघ. ह्याचा शाफ्ट वाकला. मार खाऊन न्हाय हारला हा, शाफ्टनं हारला." मी म्हटलं, "असेल." ताई म्हणाल्या, "मी ह्याच्यापरीस बरा करीन." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेडच्या जमिनीवर खडूने रोबो काढत बसल्या होत्या.

पंधरा किलोच्या गटात उतरायचं ठरलं. मोटारी, बॅटरी, रिमोट हे सगळं पाहायला पेणचे मोकल आले. ते ताईंच्याच कारखान्यात वायरमन होते, अबोल गृहस्थ. बाकी सगळं लोखंडकाम ताईंचं. पुढच्या बाजूला लाटण्यासारखा लोखंडी ड्रम, त्याला दोन दात. तो मिनिटाला हजारो फेरे घेणार आणि समोरच्याला खालून वर भिरकावणार. ड्रमच्या दोन्ही अंगांना पुढे आलेले पत्रे पाहून मी म्हटलं, ह्या तर चिंबोरीच्या नांग्या. खेकड्याला आमच्याकडे चिंबोरी म्हणतात. झालं, नाव तेच पडलं. ताईंच्या रोबोच्या बाबतीत माझं पहिलं योगदान ते.

दुसरं योगदान त्यांनी घेतलं नाही. ड्रमच्या शाफ्टला दोन टोकांना दोन बेअरिंगं लागणार होती. बेअरिंग म्हणजे एकात एक बसलेली दोन पोलादी कडी, मध्ये छर्रे. शेडच्या फळीवर ताईंनी जमवलेली डझनभर नवी बेअरिंगं होती. त्यातली दोन त्यांनी काढली, बोटावर फिरवून पाहिली आणि मेजावर ठेवली. मी चहा घेऊन गेले होते. सहज एक उचलून कानाशी फिरवलं, आणि मला ते खटकलं. एका जागी आलं की बारीक अडखळत होतं. परत फिरवलं, परत त्याच जागी. मी म्हटलं, "ताई, ह्यात काय तरी हाय." त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, बोटाने फिरवलं, दाबून फिरवलं. "लोन्यासारखं फिरतंय. चहा ठेव तिकडं." मी कप ठेवला आणि निघून आले. मला काय येतं!

शाफ्टसाठी ताईंनी रेवसच्या एका नाखव्याकडून होडीच्या पंख्याच्या शाफ्टचा तुकडा आणला होता. स्टेनलेस, आरशासारखा चकचकीत. खाऱ्या हवेत आयुष्य गेलेल्या बाईला गंजाची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे तो तुकडा पाहून त्यांचं मन तिथेच बसलं. मोकल हळूच म्हणाले, मऊ पडेल. ताईंना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

पनवेलच्या पुढे एका इंजिनीअरिंग कॉलेजात स्पर्धा होती, सगळ्यांना खुली. यजमानांनी टेम्पोने नेलं. आत गेलो तर आमच्या निम्म्या वयाची पोरं, एकेका संघात दहा-बारा जण, पाठीवर छापलेले टी-शर्ट. आणि आम्ही तिघं, मोकल आणि पंजाबी ड्रेसमधल्या आम्ही दोघी बायका. नोंदणीच्या टेबलावर एकाने विचारलं, "मॅडम, तुमचा मुलगा कुठल्या टीममध्ये आहे?" ताईंना ते कळलं नाही. त्यांनी चिंबोरी उचलून टेबलावर ठेवली.

रिमोट ताईंच्या हातात होता. पहिली धडक छान बसली, समोरचा रोबो हातभर उडाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या धडकेनंतर मला चिंबोरीचा सूर बदललेला ऐकू आला. आधी घुमत होती, आता त्यात एक किरकिर आली, आणि किरकिर चढत चालली. मी ओरडले, "ताई, ड्रम बंद करा!" माझ्या शेजारी उभ्या होत्या, पण त्या गोंगाटात त्यांना काय ऐकू येणार... बेअरिंग अडकलं, ड्रम फिरवणारा पट्टा जळाला, धूर निघाला. पंचाने दहा आकडे मोजले आणि आम्ही घरी निघालो. येताना पेणला यजमानांनी वडापाव घेतले, ते तसेच कागदात राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमधून हाक आली. "सुनंदा! हिकडं ये!" ताईंनी ते अडकलेलं बेअरिंग ग्राइंडरवर कापून उघडलं होतं. छर्रे ज्या वाटेने धावतात त्या वाटेवर ओळीने खळगे पडले होते, ओल्या मातीत मोहऱ्या दाबाव्यात तसे. ते धडकांचे. पण एके ठिकाणी एक वेगळा डाग होता, काळपट, खरबरीत. गंजाचा. तो आदल्या दिवशीचा नव्हता. आमच्याच मिठाच्या शेडमध्ये, पुडीत असतानाच, त्या बेअरिंगला खारी हवा लागली होती. शेजारी शाफ्ट पडला होता, काचेच्या तुकड्यावर फिरवला की नाचत होता. वाकलेला.

"तुला तवा काय ऐकू आलतं ते परत सांग," ताई म्हणाल्या.

"झुंजीत?"

"न्हाय गो. हितं. बसवायच्या आधी."

मी सांगितलं. गोल फिरताना एका जागी अडखळायचं, पेटीतला एखादा सूर धुळीने अडतो तसं. ताईंनी विचारलं, कुठली पेटी? मग मी, लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरात, माझ्या वडिलांबद्दल बोलले. पेणला ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि आसपासच्या गावांतल्या पेट्या दुरुस्त करायचे. सूर लावताना मला शेजारी बसवायचे. त्यांचा एक कान अधू होता, म्हणून कुठली पट्टी चढली, कुठली उतरली, हे मी सांगायची. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून.

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आनि हे तू मना आता सांगतेस?"

"तुमी कधी इचारलंत?"

"इचारलंतं की! तुझ्या लग्नात. सगळ्यांसमोर इचारलं, हिला येतं काय? कोनी उत्तरच दिलं न्हाय."

टूलरूममध्ये नवीन माणूस आला की ताई त्याला पहिला प्रश्न हाच विचारायच्या, हे मोकलांनी मला नंतर सांगितलं. तुला येतं काय? लेथ येतो, मिलिंग येतं, की झाडू येतो? त्यात टोमणा नसायचा. काम वाटून द्यायचं असायचं. मी मात्र ते वाक्य बावीस वर्षं उराशी धरून बसले होते... त्या दुपारी आम्ही दोघी खूप हसलो. म्हणजे आधी मी थोडी रडले, ताईंनी तेलकट चिंधी पुढे केली, आणि मग हसलो.

दुसरी चिंबोरी आम्ही दोघींनी केली असं मी हक्काने म्हणते. ताईंनी सगळं मुळापासून बदललं. पहिल्या चिंबोरीचा शाफ्ट ड्रमसकट फिरत होता. आता शाफ्ट जागचा हलणार नाही, दोन्ही टोकांनी आवळून बसवलेला, आणि ड्रम त्याच्याभोवती फिरणार, बेअरिंगं ड्रमच्या पोटात. मी विचारलं, असं का? ताई म्हणाल्या, "बैलगाडीचा आस फिरतो का? चाक फिरतं. आसानं भार घ्यायचा. तो फिरनार बी आनि मार बी खानार, म्हंजे दोन्ही कामं अर्धीच." चाकांना मात्र त्यांनी बेअरिंग दिलंच नाही, पितळेचे साधे बुश, म्हणजे नुसत्या नळ्या, ठोकले. चाकं सावकाश फिरतात, त्यांना छर्रे कशाला, म्हणाल्या.

शाफ्टसाठी त्यांनी घरामागे पडलेला यजमानांच्या जुन्या ट्रकचा हाफ शाफ्ट ओढून आणला. मागची चाकं फिरवणारा तो जाड दांडा. "कडक ते मोडतं, मऊ ते वाकतं. आपल्याला चिवट पायजे. ह्यानं माल भरलेला ट्रक बोरघाट चढवलाय, ह्याच्याहून चिवट काय?" त्याची वरची साल इतकी कडक की ती काढायलाच दोन दिवस गेले, तीन टूल मोडले. आतला गाभा लागला तेव्हा लेथमधून निळसर, लांब, न तुटणारी लोखंडाची कात निघायला लागली. ताईंनी ती उचलून मला दाखवली, एखादीने अळूवडीचा उंडा दाखवावा तशी. वीस मिलिमीटरचा शाफ्ट झाला. वजनकाट्यावर चिंबोरी पंधरा किलोच्या वर जरा गेली. मी म्हटलं, शाफ्ट थोडा बारीक करा. ताईंनी ठाम नकार दिला आणि शाफ्टच्या मधोमध आरपार भोक पाडलं. "बांबू पोकळ असतो, म्हनून वाकतो का लगेच? वाकवनारा जोर सालीवर येतो, पोटावर न्हाय." शंभरेक ग्रॅम कमी झाले. काटा पंधरावर येऊन थांबला.

बेअरिंगं घ्यायला आम्ही रेवसहून लाँचने मुंबईला भाऊच्या धक्क्यावर आणि तिथून नागदेवीच्या यंत्रसामानाच्या बाजारात गेलो. वीस मिलिमीटरच्या भोकात दोन प्रकार बसत होते, ६००४ आणि ६२०४. पहिलं हलकं, बारीक छर्ऱ्यांचं. दुसरं जाडजूड. मोकलांचं मत सुयांच्या बेअरिंगला होतं, त्यात छर्ऱ्यांऐवजी बारीक रूळ असतात आणि ते धक्का चांगला घेतात. पण शाफ्ट जरा तिरका झाला की सुया रुसतात, आणि झुंजीत सगळंच तिरकं होतं, असं ताईंचं म्हणणं. मोठ्या छर्ऱ्यांचं ६२०४ ठरलं, दोन्ही बाजूंना रबराचं सील असलेलं, कारण रिंगणात लोखंडाचा कीस उडत असतो. दुकानाचे गुजराती शेठ पेट्या मांडत होते. ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही निवडेल." रस्त्यावर हातगाड्यांचा गोंगाट होता म्हणून मी मागच्या गोदामात जाऊन स्टुलावर बसले आणि एकेक बेअरिंग कानाशी फिरवायला लागले. एकात कुठेतरी कचरा होता. दोनांत ग्रीस कमी वाटलं, कोरडी सळसळ होती. शेठ थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बेन, तमे तो कानथी माल लो छो!"

एका पेटीतली सगळीच मला सैल वाटली, खुळखुळ करत होती. मी ती बाजूला सारली. ताईंनी पेटीवरचा शिक्का वाचला आणि तीच पुढे ओढली. "ती खोड न्हाय, ती मोकळीक हाय. ड्रममध्ये घट्ट बसलं की हे आवळनार, तापलं की अजून आवळनार. आधीच घट्ट घेतलं तर अडकंल." म्हणजे नुसता कान असून भागत नाही, हेही मला त्याच स्टुलावर कळलं. मग त्या खुळखुळणाऱ्यांतून मी एकसारखी खुळखुळणारी चार निवडली. दोन लावायला, दोन जादा. घरी आल्यावर ताईंनी ती तेलकट कागदात गुंडाळून माझ्या शिवणाच्या कपाटात ठेवली, शेडमध्ये नाही.

बसवायचं कामही माझ्या स्वयंपाकघरात झालं. बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये, बोंबलांच्या डब्याशेजारी. सकाळी ड्रम गॅसवर ठेवून तापवला. थंडीने बेअरिंग आकसतं, उष्णतेने भोक फुगतं, आणि मग ते ठोकावं लागत नाही. ताईंनी चिमट्याने धरून सोडलं, टप्पकन जाऊन बसलं. "बघ, हातोडी मारली असती तर पहिली खोक आपनच पाडली असती," म्हणाल्या. यजमान दारातून विचारत होते, आज जेवायला काय ड्रम हाय का?

पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात गेलो. या वेळी आमची एक रीत ठरली होती. ताई रिमोट धरणार, मी मागे उभी राहून त्यांच्या उजव्या खांद्यावर पंजा ठेवणार. पंजा नुसता असला तर सूर ठीक. चिमटा काढला की ड्रम बंद, विचार करायचा नाही, वाद घालायचा नाही. "वाद घरी," असं ताईंनीच ठरवलं. पहिली झुंज आम्ही एका मिनिटात जिंकली. समोरचा उलटा पडला तो उठलाच नाही. दुसरी उपांत्य फेरीची, समोर उभी पाती फिरवणारा रोबो, गेल्या वर्षीचा विजेता. दोन धडका झाल्या, तिसरी झाली, आणि मला चिंबोरीच्या घुमण्यात डावीकडून एक बारीक करकर आली. मला खात्री नव्हती. अख्खा हॉल ओरडत होता, ताई जिंकत होत्या, आणि हत्यार बंद करणं म्हणजे हात बांधून लढणं. मी डोळे मिटले. करकर होती... मी चिमटा काढला.

ताईंनी क्षणही लावला नाही. ड्रम थांबला. पोरं ओरडली, मोकलांनी कपाळावर हात मारला. उरलेलं दीड मिनिट ताई नुसत्या चाकांवर लढल्या. समोरच्याला कोपऱ्यात रेटत राहिल्या, पुन्हा पुन्हा, सून माप ओलांडून आत आली तरी सासूने बाजूला व्हायचं नाही म्हणावं तशा. पंचांनी निकाल आमच्या बाजूने दिला. बाहेर येऊन ड्रम काढला तर डाव्या बेअरिंगचं सील फाटून आत कीस गेला होता. आणखी दहा सेकंद चाललं असतं तर अडकलं असतं. ताईंनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिला काय येतं ते बघा!"

अंतिम फेरीला अर्धा तास होता. कॉलेजच्या कँटीनमधून शेगडी मागून आणली. जादा बेअरिंगं आम्ही थर्माकोलच्या खोक्यात बर्फात घालून आणली होती. ते खोकं आमचं मासळीचंच, त्यामुळे झाकण काढताच आजूबाजूच्या तीन-चार टेबलांवरची पोरं नाकाला रुमाल लावून हसायला लागली. एक मुलगी मात्र वाकून बघत राहिली आणि ताईंना तिने विचारलं, आम्हाला शिकवाल का? ताईंना ऐकू आलं नाही, मीच हो म्हणून टाकलं.

अंतिम फेरी आम्ही हरलो. समोरच्याने आमचं एक चाक मोटारीसकट उपटून नेलं. दुसरा नंबर. मला वाईट वाटत होतं, ताई मात्र बक्षीस घ्यायलाही थांबल्या नव्हत्या. त्यांनी टेबलावर चिंबोरी उघडली, शाफ्ट ओढून काढला आणि सोबत आणलेल्या काचेवर ठेवून बोटाने ढकलला. तो एका लयीत, न नाचता, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. तीन झुंजींचा मार खाऊन. माईकवर कुणाचं तरी भाषण चाललं होतं, आणि ताई ओरडल्या, "सुनंदा! शाफ्ट सरळ हाय!" भाषण थांबलं. पहिल्या नंबरच्या पोरांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर दीड वर्ष ताई होत्या. हृदयाचं दुखणं निघालं, पायऱ्या चढताना थांबायला लागल्या, पण लेथसमोर उभ्या राहिल्या की दम लागत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. तिसऱ्या चिंबोरीचा शाफ्ट त्यांनी पुरा केला, मी तेल लावत होते तो हाच. ड्रम अर्धा राहिला. तेराव्यानंतर पेणचे एक ओळखीचे गृहस्थ लेथ बघायला आले, आता कोण चालवणार म्हणाले. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, लेथ द्यायचा नाही. मला साधं टर्निंग येतं, ताईंनी शिकवलंय. आटे पाडायला अजून येत नाहीत, ते मोकल दाखवणार आहेत. ड्रम मी पुरा करते आहे. या हिवाळ्यात मोकल रिमोट धरतील, मी त्यांच्या मागे उभी राहीन. नोंदणीच्या अर्जात संघप्रमुख म्हणून मी माझं नाव लिहिलं आहे. खाली एक रकाना होता, अनुभव. त्यात 'बेअरिंग ऐकता येतं' असं लिहिलं. हसतील तर हसू देत.

ताईंशी बोलायची आमच्या घरात एक पद्धत होती. ओरडून उपयोग नसायचा, आवाज पोचला तरी शब्द पोचत नसत. त्यांच्या समोर जाऊन, उजेडात उभं राहून, ओठ दिसतील असं बोलावं लागे. हातातलं काम ठेवून जावं लागे. घरातल्या सगळ्यांना ती सवय झाली, मला जरा जास्तच. परवा संध्याकाळी यजमान बाहेर ओटीवर बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, चहा ठेवतेस का? मी चुलीपाशी होते. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं, बाहेर आले, दिव्याखाली त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सावकाश म्हटलं, "ठेवते."

ते म्हणाले, "मना ऐकू येतं गो."

"म्हाईत हाय," मी म्हटलं, आणि तेही त्यांच्याकडे तोंड करूनच म्हटलं.